मदत हवी आहे : मिनआयनच्या वाचनातली चूक की अळंबीतलाच फरक?

नमस्कार मंडळी. सह्याद्रीतल्या अळंब्या ओळखण्यासाठी मी आयटीएस हा डीएनएचा भाग पीसीआरने, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढून, मिनआयन या छोट्या डीएनए-वाचक यंत्रावर वाचतो. फ्लो सेल (यंत्रात बसवायचा वाचनाचा भाग) आर१०.४.१, बेसकॉलिंग (सिग्नलवरून अक्षरं ओळखणं) डोराडो या सॉफ्टवेअरच्या सर्वांत अचूक मॉडेलने, शेवटी मेडाका या सॉफ्टवेअरने कन्सेन्सस, म्हणजे सगळ्या रीडवरून (वाचलेल्या तुकड्यांवरून) काढलेला एकच क्रम.

क्यू२० हा वाचनाच्या अचूकतेचा अंक म्हणजे डीएनएच्या १०० अक्षरांत (ए, सी, जी, टी) सरासरी एक चूक. चुका विखुरलेल्या असल्या की बहुमतात पुसल्या जातात, त्याची काळजी नाही. त्रास एकाच जागी पुन्हापुन्हा येणाऱ्या फरकाचा आहे. एका नमुन्यात टी अक्षरांची सलग माळ आहे. निम्मे रीड ८ टी दाखवतात, निम्मे ९. थोडं पुढे एका जागी निम्म्या रीडमध्ये सी, निम्म्यांत टी, तेही डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर.

सी-टीचा फरक मला खरा वाटतो. अळंबीच्या पेशीत बहुधा दोन वेगळी केंद्रकं असतात, शिवाय आयटीएसच्या प्रती ढिगाने. कन्सेन्सस मात्र एकच अक्षर ठेवतो, आणि जीवातला खरा फरक असा पुसला जाणं मला फार खटकतं.

पण ८-९चं काय? सी आणि टीचे रीड आधी वेगळे करून मग माळ मोजावी का? पीसीआरमध्ये पॉलिमरेज (प्रती काढणारं एन्झाइम) घसरल्यानेही माळेची लांबी बदलते, तर तुम्ही कोणतं एन्झाइम वापरता, किती सायकल? सँगर या जुन्या वाचन-पद्धतीने पडताळावं तर लांबीच्या फरकापुढे आलेखातली शिखरं एकमेकांवर चढतात. कोणी असा नमुना हाताळला असेल तर कृपया सविस्तर सांगा. रीडची फाइल लगेच पाठवतो.