डीबी कोच म्हणजे नुसता सेल्समन? (फिरकीपटू यांना उत्तर, जरा लांबलंय)

ईस्टलान्सिंगचा बाब्या

काल फिरकीपटू यांचा प्रतिसाद वाचला आणि चहा गार झाला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला डिफेन्सिव्ह बॅक्सचा (डीबी, म्हणजे मागे राहून पास अडवणाऱ्यांचा) कोच म्हणजे कायम बॅग भरून बसलेला माणूस. दोन वर्षं इथे, तीन वर्षं तिथे. सतरा वर्षांच्या पोरांच्या आयांशी गोड बोलायचं, सही घ्यायची आणि पसार. शिकवणं वगैरे थापा, कारण "ज्याचे पाय चालतात त्याचे चालतात". पुरावा काय, तर २०२३ मध्ये डीबी कोच हार्लन बार्नेटच्या हाती मिशिगन स्टेट विद्यापीठाचा संघ दिला आणि १० पैकी ८ सामने हरले.

बार्नेटवर यायचं तर पूर्ण या ना. हा माणूस १९८६ ते ८९ याच मिशिगन स्टेटला खेळला. तेव्हा त्याला शिकवणारा कोण? निक सेबन, पुढे अलाबामाचा नावाजलेला मुख्य कोच. १ जानेवारी १९८८ ला रोझ बोल (हंगामाअखेरचा मानाचा सामना) जिंकला तेव्हा दोघंही त्या संघात. मग बार्नेटची सात वर्षं एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) गेली, ब्राउन्स, पेट्रियट्स, वायकिंग्ज. आणि २००३ साली, पस्तिशी उलटल्यावर, हा गडी एलएसयूला (लुइझियाना स्टेट) ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून लागला. पुन्हा सेबनच्याच हाताखाली. ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. फिल्मचे तुकडे पाडा, स्काउट टीमची कार्डं काढा, रात्री दिवे मालवा. सात वर्षं एनएफएल खेळलेला माणूस हे करत होता. त्यानंतर सिनसिनाटी, मग २००७ पासून मिशिगन स्टेटमध्ये सलग ११ हंगाम. बॅग कधी भरली हो त्याने?

आणि शिकवण्याचं. डार्क्वेझ डेनर्ड जॉर्जियातून आला तेव्हा पाचपैकी दोन ताऱ्यांचा पोरगा होता, मोठ्या कॉलेजांनी ढुंकून पाहिलं नव्हतं. २०१३ मध्ये त्याला थॉर्प अवॉर्ड, म्हणजे देशातला सगळ्यात चांगला डिफेन्सिव्ह बॅक. त्या वर्षी संघ १३-१ (जिंकले-हरले), रोझ बोलमध्ये स्टॅनफर्डला २४-२० ने हरवलं. दोन्ही बाजूंना कॉर्नर (कडेचे डीबी) रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) नाकासमोर उभे, सेफ्टीची (त्यांच्या मागच्या डीबीची) मदत बेताचीच. हे नुसत्या पायांनी होत नाही.

घरचंच सांगतो. माझा मुलगा हायस्कूलला कॉर्नर खेळतो. गेल्या मोसमात त्याला दर सामन्यात फ्लॅग, म्हणजे फाउल. रिसीव्हर वळला की याचा हात आपोआप जर्सीवर. त्याच्या कोचने काय केलं, दोन्ही मुठींत एकेक टेनिस बॉल दिला आणि सांगितलं, असाच खेळ. पहिले तीन दिवस पोरगं नुसतं आपटत होतं, कारण हाताने धरायची सोय गेल्यावर पाय चुकीचे पडत होते हे तेव्हा कळलं. चूक हातात नव्हतीच, पहिल्या पावलात होती. कंबर लवकर उघडायचा. हे ज्याला दिसतं तो कोच. सेल्समनला दिसत नाही.

फिरकीपटू

अहो बाब्याशेठ, एवढं लिहिलंत पण सोयीचं तेवढंच उचललंत. तुमचे सेबनसाहेब घ्या. १९७३ ते १९९०, अठरा हंगामांत आठ ठिकाणं: केंट स्टेट, सिरॅक्यूज, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो स्टेट, नेव्ही, मिशिगन स्टेट, ह्यूस्टन ऑइलर्स, टोलीडो. टोलीडोला तर एकच हंगाम, ९-२ केलं आणि निघाले. आमच्याकडे भाडेकरू पण एवढी घरं बदलत नाहीत. डिसेंबर २००६ मध्ये मायामीत, एनएफएलच्या डॉल्फिन्सचे कोच असताना, छातीठोकपणे सांगितलं की अलाबामाला जाणार नाही. जानेवारीत कुठे होते? आठ वर्षांचा, ३ कोटी २० लाख डॉलरचा करार करून अलाबामात.

आणि त्याच खोलीतला दुसरा हिरा, मेल टकर. तोही डिफेन्सिव्ह बॅक, तोही सेबनचा ग्रॅज्युएट असिस्टंट, तोही डीबी कोच. कोलोरॅडोत एक हंगाम काढून मिशिगन स्टेटला आला, २०२१ मध्ये १० वर्षांचे साडेनऊ कोटी डॉलर पदरात पाडून घेतले, आणि २०२३ च्या सप्टेंबरात विद्यापीठाने हाकललं. ती धोंड बार्नेटच्या गळ्यात पडली हे मान्य.

गुरू कसा असतो ते आपल्याला माहीत आहे. आचरेकर सर. आयुष्यभर शिवाजी पार्क. स्टंपवर रुपया ठेवायचे. कुठे करार, कुठे एजंट?

दादरचा पंच

आचरेकर सरांना मध्ये आणलंत तर पूर्ण आणा. सर स्टेट बँकेत नोकरीला होते, घर त्यावर चालत होतं, म्हणून मैदान सोडावं लागलं नाही. आणि सचिनला वांद्र्याच्या शाळेतून शारदाश्रमला जायला कोणी सांगितलं? सरांनीच. का? तिथे क्रिकेट होतं म्हणून. तुमच्या अमेरिकेत याला रिक्रूटिंग म्हणतात आणि आता ट्रान्सफर पोर्टल (खेळाडूंची कॉलेज बदलायची सोय) म्हणतात. आपण केलं की गुरुकृपा.

फिरकीपटू

जीभ आवरा. सरांची तुलना त्या सूटबूटवाल्यांशी?

दादरचा पंच

तुलना तुम्ही केलीत. मी फक्त उत्तर दिलं. वाचता येत असेल तर वर जाऊन बघा.

शुद्धमती

धाग्याचा विषय छान आहे, पण "कॉर्नर", "सेफ्टी", "फ्लॅग"... दर वाक्यात चार इंग्रजी शब्द. कोपरारक्षक म्हणायला काय हरकत आहे?

दादरचा पंच

कोपराखळी मारणारा वाटतो.

तासिका_वाली

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, नवऱ्याने धागा दाखवला. पण "ग्रॅज्युएट असिस्टंट" वाचून थांबले. पस्तिशी उलटल्यावर सगळ्यात खालच्या पायरीवर, आणि त्याचं कौतुक?

मी नेट-सेट दोन्ही. पीएचडी. एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात नऊ वर्षं तासिका तत्त्वावर. तास घेतला तर पैसे, सुट्टी आली तर नाही. दिवाळीत शून्य, परीक्षेच्या काळात शून्य, मे महिन्यात माणूस म्हणूनच शून्य. मानधन आठ-आठ महिने अडकतं. कायम जागा निघाली की संस्थेतले लोक मुलाखतीआधी आकडा सांगतात, त्याला डोनेशन म्हणायचं. दरवर्षी जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, तीच टेबलं, तेच लोक, "आपला अनुभव किती?" तुमच्यासमोरच आलाय ना हा अनुभव!

तुमचा तो बार्नेट निदान पुढे कुठे तरी पोहोचला.

फिरकीपटू

ताई, हेच म्हणतोय मी. विद्यापीठ शिकवण्यासाठी असतं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावर सगळ्यात वर कोण? फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा कोच. गव्हर्नर नाही, सर्जन नाही. आणि शेजारच्याच इमारतीत रसायनशास्त्र शिकवणारा दर सत्राला नवा करार करतोय.

ईस्टलान्सिंगचा बाब्या

तो पैसा रसायनशास्त्राच्या खिशातून आलेला नाही. बिग टेनने (मिशिगन स्टेट ज्यात आहे तो कॉलेजांचा गट) २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीबरोबर सात वर्षांचा टीव्ही करार केला, ७०० कोटी डॉलरच्या वर. शनिवारी लोक सामना बघतात, रसायनशास्त्र बघत नाहीत. मलाही वाईट वाटतं, पण आहे ते असं आहे.

तासिका_वाली

"आहे ते असं आहे." हेच वाक्य आमचे प्राचार्य म्हणतात, बाब्याभाऊ. अगदी हेच.

जुनं खोड

माहिती म्हणून. १९९० च्या दशकात एनसीएएने (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) फुटबॉल सोडून बाकी खेळांतल्या सगळ्यात खालच्या कोचांचा पगार वर्षाला १६,००० डॉलरला बांधला होता. ते कोर्टात गेले. १९९९ मध्ये साडेपाच कोटींच्या आसपास डॉलरवर तडजोड झाली. तुमच्याकडे तासिकावाले कोर्टात का जात नाहीत? रडून काय होणार?

तासिका_वाली

रडत नाहीये. मोर्चे काढलेत, आझाद मैदानात बसलेय, पावसात. कोर्टात जायला वकील लागतो, वकिलाला पैसे लागतात, आणि नाव दिसलं की जूनमध्ये मुलाखतीचं पत्र येत नाही. तुम्ही कुठल्या देशात बसून हे लिहिताय?

जुनं खोड

न्यू जर्सी. तुमचा मुद्दा कळला.

मराठवाडी वाघ

तासिका तत्त्वावरचे अर्धे लोक तास न घेता सह्या करतात, ते पण बोला की एकदा.

तासिका_वाली

आणि कायम असलेले? त्यांच्या नावापुढे लाखाच्या वर पगार आणि वर्गात मी. बोलू का?

ईस्टलान्सिंगचा बाब्या

मंडळी, मूळ प्रश्न डीबी कोचचा होता. ताईंचं चुकीचं नाही, पण वेगळा धागा काढा ना.

दादरचा पंच

राहू द्या हो, हाच बरा चाललाय.

फिरकीपटू

बरं, मूळ प्रश्नावर येतो. मी चिडून लिहिलं ते का, ते सांगतो एकदाचं.

माझा भाचा सेफ्टी खेळायचा. चांगला होता. जानेवारी २०१६ मध्ये एका कॉलेजचा (नाव घेत नाही) डीबी कोच बहिणीच्या घरी आला. सोफ्यावर बसला, साबुदाण्याची खिचडी खाल्ली, दोनदा मागून घेतली. देवघराबद्दल विचारलं. बहिणीला म्हणाला, चार वर्षं हा माझा मुलगा. निघताना वाकून नमस्कार केला, कोणीतरी शिकवून पाठवलं असणार. फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी भाच्याने सही केली. तीन आठवड्यांत साहेब दुसऱ्या कॉलेजात.

तेव्हा पोर्टल नव्हतं. सही कॉलेजबरोबर, कोचबरोबर नाही, असं त्या कागदावरच लिहिलेलं असायचं. कॉलेज बदललं तर एक वर्ष बाहेर बसा. कोच मात्र दुसऱ्या दिवशी नव्या टोपीत. नव्या डीबी कोचला उंच सेफ्टी हवे होते, भाचा पाच फूट दहा. दोन हंगाम बाकावर बसला आणि खेळ सोडला. बहीण अजून ती खिचडी काढते. म्हणते, दाण्याचं कूट तरी कमी घालायला हवं होतं.

आता सांगा, सेल्समन नाही तर काय म्हणू?

ईस्टलान्सिंगचा बाब्या

हे आधी लिहिलं असतंत तर मी एवढा लांब लिहिला नसता.

वाईट झालं. मनापासून. पण एक बाजू बघा. त्या कोचच्या हातात बहुधा एक किंवा दोन वर्षांचा करार असणार. मुख्य कोच गेला की त्याच्या हाताखालची सगळी खोली रिकामी होते. सेबनलाच १९८१ च्या हंगामानंतर ओहायो स्टेटने काढलं. संघ ९-३ होता, लिबर्टी बोल जिंकला होता, तरी पासिंगविरुद्ध बचाव कच्चा म्हणून खापर फुटलं. ज्या नेव्हीला त्या सामन्यात हरवलं, तिथेच पुढची नोकरी. म्हणजे तुमच्या आठ ठिकाणांतलं एक ठिकाण त्याने सोडलं नव्हतं, त्याला सोडायला लावलं होतं.

आणि एवढ्या अकरा हंगामांचा बार्नेट, त्याचं काय झालं? २०१८ ला फ्लोरिडा स्टेटला डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (सगळ्या बचावाचा प्रमुख) होऊन गेला, दोन वर्षांत तिथला कारभार उलटला, २०२० ला परत आपल्या कॉलेजात कॉर्नर-सेफ्टी शिकवायला. २०२३ ला दोन सामने झाल्यावर जळतं घर हातात दिलं. हंगाम संपल्यावर नवा मुख्य कोच आला आणि हा नॉर्थवेस्टर्नला, पुन्हा डिफेन्सिव्ह बॅक्स. सत्तावन्नाव्या वर्षी. पळणारा माणूस असा दिसतो का?

फिरकीपटू

बार्नेट सोडला. बाकीच्यांचं मत तेच.

ईस्टलान्सिंगचा बाब्या

एक सोडलात, आभारी आहे. उरलेले पुढच्या मोसमात.

जुनं खोड

सेबन अलाबामात मुख्य कोच झाल्यावरही सरावात स्वतः कॉर्नरांजवळ उभा असायचा, गवती टोपी घालून. सहा राष्ट्रीय विजेतेपदं तिथली, एक एलएसयूचं. त्याला शिकवायची गरज नव्हती तेव्हाही शिकवत होता. हे फिरकीपटूंनी लक्षात घ्यावं.

फिरकीपटू

घेतलं. मायामीही लक्षात आहे.

मराठवाडी वाघ

मी "अर्धे" म्हणालो ते जास्त झालं. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात तासिकावाला एकच मास्तर आहे जो रोज येतो. बाकी माझा मुद्दा कायम.

तासिका_वाली

एवढ्या मोठ्या मनाबद्दल धन्यवाद, वाघोबा.

बाब्याभाऊ, फुटबॉल अजून कळला नाही, पण ते टेनिस बॉलचं पुन्हा सांगा. मुठी बंद केल्या की चूक पायांत होती ते कळलं, असंच ना? उद्या माझं पर्यवेक्षण आहे, तीन तास, त्याचेही पैसे कधी येतील देव जाणे. तिसऱ्या बाकावरचा एक पोरगा दर पेपरला मूठ आवळून बसतो. त्याला दोन बॉल देऊन बघते.