मदत हवी आहे: ग्रीन टी कडू होतो, आई तोंडाला लावत नाही

गुहागरकर७: आई ७१ वर्षांची, हल्ली नावं विसरते. मेंदूला चांगला म्हणून ग्रीन टी आणला, पण कडूजहर होतो. काय चुकतंय? दिवसाला किती द्यायचा? जरा लवकर सांगा.

जांभादगड: पानं की पिशव्या? करता कसा?

गुहागरकर७: पानं. नेहमीच्या चहासारखा, उकळून, दूध घालून.

जांभादगड: मग कडूच होणार. उकळत्या पाण्यात कॅटेचिनं, म्हणजे चहातली कडवट द्रव्यं, भसाभस उतरतात. उकळी आली की गॅस बंद, पाणी ७५-८० अंशांवर येऊ द्या. २०० मिलीला २ ग्रॅम पानं, दोन मिनिटं झाकण, लगेच गाळा. दूध नको. आणि पाणी बोअरचं आहे का? त्यात लोह असलं तर चहा काळपट पडतो. पावसात डबा घट्ट लावा, पानं सादळतात.

सुपारीबाग: परसात पात आसा, मगे पुडी कित्याक इकत घेतास?

भरतीओहोटी: अहो, गवती चहा वेगळा. त्यात कॅफिनही नाही, थिॲनिनही (चहातलं मन शांत करणारं द्रव्य) नाही. तसं ग्रीन टीच्या कपातही थिॲनिन १०-२० मिलिग्रॅमच. प्रयोगांत १००-२०० देतात.

जांभादगड: जपानात सेंदाईला सत्तरीपुढच्यांची पाहणी झाली, २००६ साली छापून आली. रोज दोन किंवा जास्त कप पिणाऱ्यांत बुद्धीची घसरण कमी दिसली.

भरतीओहोटी: दिसली, पण चहामुळेच असं कुठे ठरलं? जो धडधाकट, तोच चार जणांत बसून चहा पितो. नावं विसरतात तर आधी बी-१२ आणि थायरॉईड तपासा. गोळ्या कुठल्या चालू आहेत?

कोकमआगळ: वजन उतरवायचं तर कॅप्सूल घ्या, कपबशीची कटकट नाही.

जांभादगड: वजनाचं विचारलंय कोणी? अर्काच्या कॅप्सूलमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) गेलं तर यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, म्हणजे यकृताला त्रास, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगितलंय.

गुहागरकर७: बीपीची एक आणि रक्त पातळ करायची एक. का?

भरतीओहोटी: हे पहिल्या ओळीत हवं होतं! रक्त पातळ करायची वॉरफरिन असेल तर भरपूर ग्रीन टीने आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) खाली येऊ शकतो, म्हणजे गोळीचा असर घटतो. बीपीची नाडोलॉल असेल तर ती अंगी लागत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही कप नको. लोहाची गोळी असेल तर तीही चहाबरोबर नाही. नावं वाचून लिहा.

गुहागरकर७: पाकीट फाटलंय, अर्धंच नाव दिसतंय. '...रिन' असं काहीतरी.

भरतीओहोटी: ॲस्पिरिनही '...रिन'च. औषधाची चिठ्ठी काढा.