भूमिकेसाठी वजन चढवणं-उतरवणं: अभिनयाची गरज की पोस्टरची?

नेपथ्य (धागाकर्ता)

हल्ली सिनेमाच्या आधी किलोंचे आकडे येतात. 'दंगल'साठी आमिर खान 97 किलोवर गेला आणि परत उतरला. 'छावा'साठी विकी कौशल 80 वरून 105 वर गेला. 'चंदू चॅम्पियन'साठी कार्तिक आर्यननं चरबीचं प्रमाण 39 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आणलं. भूमिका कशी झाली यावर दोन ओळी आणि वजनावर दोन पानं, असं बातम्यांचं गणित झालंय.

माझं म्हणणं असं, की पात्राचं शरीर घडवणं हे रंगभूषा आणि वेशभूषेचं काम आहे आणि ते त्यांनीच करावं. 'डार्केस्ट अवर' (2017) मध्ये गॅरी ओल्डमनचा चर्चिल झाला तो काझुहिरो त्सुजींच्या सिलिकॉनमुळे. रोज तीन-साडेतीन तास खुर्चीत, सगळं मिळून 200 तासांच्या वर. संध्याकाळी चेहरा उतरवायचा, घरी जायचं. अभिनयाचं ऑस्कर मिळालंच, रंगभूषेचंही मिळालं. चरबी खरी नव्हती म्हणून चर्चिल कुठे कमी पडला?

तालमीतला

चर्चिल भाषण करतो, कुस्ती खेळत नाही. फरक तिथेच आहे.

'दंगल'च्या वेळी दिग्दर्शक नितेश तिवारींनी बॉडीसूटच (जाडी दाखवणारा, कपड्यांखाली घालायचा भरीव पोशाख) सुचवला होता. आमिरनं तो नाकारला, आणि कारण कामाचं होतं: वजन वाढलं की श्वास बदलतो, बसण्या-चालण्याची पद्धत बदलते. पोटातली चरबी खाली वाकताना श्वासपटलाला वर ढकलते, म्हणून जाड माणूस बुटाची नाडी बांधताना श्वास रोखतो आणि उठल्यावर सोडतो. खुर्चीतून उठताना आधी हात मांडीवर टेकतो, मग उठतो. हे नट निरीक्षणानं करू शकतो, पण थकव्यानं आपोआप झालेलं आणि ठरवून केलेलं यांतला फरक लांबलचक शॉटमध्ये दिसतो.

दुसरं, सूट मानेपाशी संपतो. मनगट, बोटं, कानामागची घडी, मानेची मागची वळी या जागा खोटेपणा उघड करतात. आणि अंगाला अंग भिडायचं असेल तर पॅडिंग हाताखाली सरकतं. पट काढायला (कुस्तीत पाय धरून पाडायला) गेलेल्याच्या हातात मांडी येण्याऐवजी फोम आला, की दोघांचीही पकड खोटी पडते.

आणि ओल्डमन जसाच्या तसा घरी गेला असं नाही. त्या भूमिकेत ओढलेल्या सिगारींनी त्याला निकोटिनची विषबाधा झाली होती.

आहारमोजणी

दोघंही वाढलेल्या वजनाबद्दल बोलताय. खरा धोका उतरवण्यात आहे, आणि त्याहून जास्त वेगात. साधा हिशेब मांडते.

एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. 'द मशिनिस्ट' (2004) साठी क्रिश्चन बेलनं चार महिन्यांत सुमारे 28 किलो उतरवले. सगळी चरबी धरली तरी रोजची तूट 1,800 कॅलरींची. म्हणजे दिवसाला एक सफरचंद आणि टूनाचा एक डबा ही जी गोष्ट सांगतात, ती हिशेबात बसते. ती उपासमारच होती.

आता 'सरबजीत' (2016). रणदीप हुडानं 28 दिवसांत 18 किलो उतरवल्याचं सगळीकडे छापून आलं. तोच भागाकार केला तर रोजची तूट येते 4,950 कॅलरी. त्या उंचीचा पुरुष दिवसभर राबला तरी एवढं सहसा जाळत नाही. म्हणजे त्या 18 किलोंत पाणी आणि स्नायू भरपूर होते. यकृत आणि स्नायूंत 400-500 ग्रॅम ग्लायकोजेन (शरीरानं साठवलेली साखर) साठलेलं असतं आणि प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरतो. भात-पोळी बंद केली की पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो असेच जातात. पुढे प्रथिनं पुरेशी नसली की स्नायू झिजतात. स्नायूच्या एका किलोत चरबीच्या पाव भागाइतकीही ऊर्जा नसते, म्हणून वजनकाटा भराभर खाली येतो आणि बघणाऱ्याला कौतुक वाटतं.

सुरक्षित वेग म्हणजे आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का. 90 किलोच्या माणसाला 18 किलोंना निदान पाच महिने. आठवड्याला दीड किलोच्या पुढे गेलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका ठळकपणे वाढतो. उपासात युरिक ॲसिडही चढतं, कारण मूत्रपिंडातून बाहेर पडायला कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) त्याच्या वाटेत उभे राहतात.

आणि शूटिंग संपल्यावरची पार्टी सगळ्यात धोक्याची. महिनाभर उपाशी राहिलेल्या शरीरात अचानक गोडधोड गेलं की इन्सुलिन वर जातं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. हृदयाची लय बिघडते, श्वासाचे स्नायू दुबळे पडतात. जास्त धोक्याच्या रुग्णाला म्हणून दर किलो वजनामागे दिवसाला 10 कॅलरींपासून सुरुवात करतात, तेही आधी थायामिन (बी-1) देऊन. पॅकअपच्या केकपाशी हे कोण सांगतं?

तालमीतला

आहारमोजणी, वेगाबद्दल तुमचं बरोबर आहे. पण त्यावरून 'करूच नये' हे निघत नाही. वाढवलेलं शरीर सूटनं दाखवता येईलही. खंगलेलं कसं दाखवणार? चिकटवून फक्त भर घालता येते, वजाबाकी करता येत नाही. बरगड्या, गळ्याचं हाड, कोपराचा कोन या गोष्टी रंगानं फार तर गडद करता येतात. 'आडुजीवितम' (2024) मध्ये पृथ्वीराज वाळवंटात उघड्या अंगानं पाण्याकडे जातो, तिथे कुठली रंगभूषा लावणार?

सिलिकॉन

रंगभूषेच्या बाजूनं थोडं नेमकं सांगतो, कारण 'सूट घालायचा' म्हणजे शिंप्याकडे मापं देण्याइतकं सोपं आहे असं बऱ्याच जणांना वाटतं.

आधी लाइफ कास्ट: चेहऱ्यावर सिलिकॉन किंवा अल्जिनेट (दातांचे साचे घेतात तो लगदा), वरून प्लास्टर बँडेज, नाकपुड्या मोकळ्या. त्या साच्यातून नटाच्या चेहऱ्याची प्रत. तिच्यावर मातीत गाल, हनुवटी, मान घडवायची. त्याचे तुकड्यातुकड्यांचे साचे, आणि त्यांत सिलिकॉन ओतायचं. कडा कागदापेक्षा पातळ लागते, कारण ती चेहऱ्यावर विरघळवून त्वचेत मिसळवायची असते. विरघळली की तुकडा संपला, म्हणून प्रत्येक शूटिंगच्या दिवसाला नवा संच. 30 दिवसांचं काम म्हणजे 30 संच आणि वर दोन-चार जादा.

धडाचा सूट वेगळाच. लायक्राचा आधार, त्यावर फोम किंवा कापसासारखा तंतू थरांनी. नवखे इथेच चुकतात: फोम हलका असतो, त्यामुळे पोट बसल्यावर मांडीवर सांडत नाही, फुग्यासारखं वर राहतं. म्हणून खालच्या भागात बारीक मण्यांच्या पिशव्या शिवतात. मग वजन पडतं, आणि नटाची चालही आपोआप बदलते. तालमीतला यांनी सांगितलेलं मांडीवर हात टेकणं दहा-बारा किलोंच्या सूटमध्येही येतं. 'द व्हेल' (2022) साठी एड्रियन मोरो यांनी केलेल्या सूटमध्ये तर थंड पाणी खेळवणाऱ्या नळ्यांची सोय होती, मोटार शर्यतीतल्या चालकांसारखी.

बिघडतं कुठे? घामानं. सिलिकॉनमधून त्वचेला श्वास घेता येत नाही. दुपारी दोनला वरच्या ओठाजवळची आणि नाकाच्या बाजूची कड सुटते, खाली घामाचा फुगा धरतो. मे महिन्यात बाहेरचं दृश्य असेल तर फोम लेटेक्स बरं: हलकं, थोडं हवेशीर. पण ते प्रकाश आत घेत नाही, त्यामुळे क्लोजअपमध्ये मेलेल्या कातडीसारखं दिसतं. आणि खंगलेल्या शरीराबद्दल तालमीतला यांचं म्हणणं खरं आहे. तिथे आमचा इलाज थोडकाच: एक माप मोठे कपडे, गालाखाली सावली, दातांची पट्टी. 'कॅप्टन अमेरिका'च्या पहिल्या भागात (2011) क्रिस इव्हान्सला संगणकावर एकेका शॉटमध्ये आक्रसवलं, पण तो खर्च इथे परवडणार नाही.

आपल्याकडे ही कला नाही असंही कोणी म्हणू नये. विक्रम गायकवाडांना 2011 च्या रंगभूषेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो 'बालगंधर्व' आणि 'द डर्टी पिक्चर'साठी.

शेड्यूल

एक गोष्ट सगळे विसरताय: क्रम. 'रेजिंग बुल' (1980) मध्ये डी निरोची बॉक्सिंग आधी उरकली, मग निर्मिती काही महिने थांबली, तो इटली-फ्रान्समध्ये खाऊन सुमारे 27 किलोंनी वाढून परत आला. 'दंगल'मध्ये उलटं: आधी जाड महावीर, मग जवळपास पाच महिन्यांची सुट्टी, मग तरुण महावीर. आमिरचं कारण व्यवहारी होतं. तरुणपण आधी चित्रित झालं असतं तर नंतर वजन उतरवायला भाग पाडणारं काही उरलं नसतं.

माझ्या मते दुसरा क्रमच बरोबर. त्यात उतरवण्याचा काळ निर्मितीच्या वेळापत्रकात येतो, प्रशिक्षक आणि डॉक्टर पगारावर असतात. पहिल्या क्रमात शेवटचा शॉट झाला की युनिट पांगतं आणि जाड झालेला नट एकटा घरी.

पण हे जमतं कोणाला? ज्याच्यासाठी सेट पाच महिने थांबतो त्याला. मराठी सिनेमा बहुतेक वेळा 30-40 दिवसांच्या एका सलग शेड्यूलमध्ये उरकतो. तिथे 'दहा किलो वाढवून या' म्हणजे आधीचे चार महिने नटानं दुसरं काम सोडायचं, बिनपैशानं. डबिंगचंही बघा. चार महिन्यांनी डबिंगला बसला तेव्हा उतरलेला असेल, तर श्वासाची धाप आणि गळ्याचा भारदस्तपणा दोन्ही गेलेले असतात. त्यासाठी शरीर बदललंच होतं, तर मग सेटवरचाच आवाज वापरायला हवा.

कास्टिंग

जाड माणूस हवा तर जाड नट का घेत नाही? ब्रेंडन फ्रेझरला सूट घालून केलेल्या 'द व्हेल'साठी 2023 मध्ये ऑस्कर मिळालं तेव्हा हाच आक्षेप जोरात होता, आणि मला तो पटतो.

तालमीतला

पात्राचं वय आणि वजन दोन्ही बदलत असेल तर? 'मिमी' (2021) हा 'मला आई व्हायचंय'चाच हिंदी अवतार. नाचणारी मुलगी आणि गरोदर बाई एकच. क्रिती सेनॉननं 15 किलो वाढवले ते पोटासाठी नव्हे, पोट तर लावता येतं. गाल, हनुवटी आणि दंड भरावेत म्हणून.

कास्टिंग

'मिमी'ला मान्य. पण पात्र पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत जाडच असेल तिथे ही सबब चालत नाही. आपल्याकडे जाड नटाला अजून मित्राची आणि विनोदी शेजाऱ्याचीच कामं मिळतात. नायकाची जाडी तेवढी सडपातळ माणसानं भाड्यानं आणायची, हे मला अन्यायाचं वाटतं.

आहारमोजणी

पीळदार शरीराबद्दल कोणी बोललं नाही. तिथे फसवणूक जास्त आहे.

उघड्या अंगाचं दृश्य दिसतं ते बऱ्याचदा दोन-तीन दिवस पाणी तोडून. हेन्री कॅव्हिलनं 'द विचर'च्या वेळी स्वतःच सांगितलं होतं: पहिल्या दिवशी दीड लिटर, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी काही नाही, मग शूट. कुस्तीत वजनी गटासाठी करतात ते हेच. पॅरिसमध्ये ऑगस्ट 2024 ला विनेश फोगाट रात्रभर राबून, केस कापूनही 100 ग्रॅमनं अपात्र ठरली. ते तिच्या खेळाच्या नियमामुळे होतं. नटाला मात्र कुणीही नियम घातलेला नाही. वरून लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेतल्या की पोटॅशियम ढासळतं आणि हृदयाचे ठोके चुकतात.

आणि शरीरातली चरबी 'नेमकी 7 टक्के' हा आकडा जपून वाचा. हाता-पायातून वीज सोडून मोजणाऱ्या यंत्राचं उत्तर पाण्यावर हलतं. सकाळी-संध्याकाळीही दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो.

तालमीतला

इथे मी तुमच्या बाजूनं. 'चंदू चॅम्पियन' ज्यांच्यावर आहे ते मुरलीकांत पेटकर मूळचे पेठ-इस्लामपूरचे. लष्करातले बॉक्सर, 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण 37.33 सेकंदांत. त्या काळच्या मेहनती माणसाचं शरीर दूध, भाकरी, जोर-बैठकांचं. भरलेलं असायचं, पण पोटावर फरशा नसायच्या. लाल मातीतल्या जुन्या पैलवानांचे फोटो बघा: दंड आणि मान प्रचंड, पोट पुढे. नटानं शरीर बदलायचंच, तर त्या काळाचं बदलावं. जिममधलं आजचं शरीर ऐतिहासिक पात्राला घातलं की ते खोट्या मिशीइतकंच खोटं दिसतं.

नेपथ्य

खंगलेलं शरीर आणि अंगाला अंग भिडणारी भूमिका, हे दोन अपवाद मी मान्य करतो. बाकी ठिकाणी 'व्हाइस' (2018) ची वाट धरावी. बेलनं सुमारे 18 किलो वाढवलेच, पण अमेरिकेचा उपाध्यक्ष राहिलेल्या डिक चेनीचा चेहरा आणि वय रंगभूषेवर सोडलं, आणि त्या रंगभूषेला ऑस्कर मिळालं. मिश्र पद्धतीत पाच-सहा किलोंतही भागेल: मान, मनगट आणि गाल भरण्यापुरते खरे, बाकी मण्यांचा सूट.

आहारमोजणी, करारात तपासण्या घालायच्या झाल्या तर कोणत्या?

आहारमोजणी

सुरुवातीला आणि दर दोन आठवड्यांनी सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), युरिक ॲसिड, उपाशीपोटी साखर. ईसीजी सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. वजन वाढवताना लिपिड (रक्तातली चरबी) आणि यकृताच्या तपासण्याही. 'चॅप्टर 27' (2007) साठी वजन वाढवताना जेरेड लेटोला गाऊट (युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी) झाला होता, तेव्हा युरिक ॲसिड दोन्ही दिशांना हवंच. आठवड्याला एक टक्क्याच्या वर उतरलं तर शूटिंग पुढे ढकलायचा अधिकार डॉक्टरला, दिग्दर्शकाला नाही. आणि शेवटच्या शॉटनंतरचे सहा आठवडे याच करारात, त्याच डॉक्टरकडे, निर्मात्याच्या खर्चानं.