लायसन आणि लग्न एकाच दिवशी?
लग्नाचं लायसन (सरकारी परवानगी) आणि लग्न एकाच दिवशी होईल का विचारलंयस, तर न्यूयॉर्कात नाही होत गं, लायसन मिळाल्यावर २४ तास थांबावंच लागतं, मग ६० दिवसांत कधीही लग्न करा. लायसनचे ३५ डॉलर, लग्नाचे वेगळे २५. म्हणतात सिटी हॉलचं लग्न, पण जायचं वर्थ स्ट्रीटच्या सिटी क्लार्क ऑफिसात. साक्षीदार एक पुरतो, फक्त त्याला आयडी आणायला सांग, आमचा दादा पाकीट गाडीत विसरला आणि मी नऊवारीत रांगेत ताटकळले :) लग्न दोन मिनिटांत उरकतं, आई मंगळसूत्राची डबी उघडेपर्यंत संपलंसुद्धा! भारतात दाखवायचं असेल तर एक्स्टेंडेड सर्टिफिकेट (परदेशात वापरायचं सविस्तर लग्नाचं सर्टिफिकेट) घे, साधं चालत नाही, आणि त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा दुसऱ्या देशात चालणारा सरकारी शिक्का.