परसातलं गराज: स्लॅबच्या आधी काय काय पुरायचं?

प्रेषक: बाळू (कँटन)
दिनांक: १२ एप्रिल

नमस्कार मंडळी,

आपल्या मिशिगनच्या मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात पुरणपोळीचं ताट हातात धरून ज्यांना माझं रडगाणं ऐकावं लागलं, त्यांची आधी माफी. आता तेच लेखी.

आमच्या गराजमध्ये दोन गाड्या, मुलांच्या सायकली आणि मंडळाचे चार ताशे आहेत. (ताशे कोणीतरी न्या हो. दोन वर्षं झाली.) उरलेल्या फटीत माझी टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली विजेची करवत. ती ढकलत ड्राइव्हवेवर आणायची, दोन फळ्या कापायच्या, भुरभुर सुरू झाली की परत आत. वैतागलो. परसात जागा आहे, म्हणून घरापासून सुटं असं गराज बांधायचं ठरवलंय. एक गाडी राहील, बाकी सगळं सुतारकामाला. पूर्ण काम करून देणाऱ्याने ५८ हजार डॉलर सांगितले. ते ऐकून सौ. नुसती हसली. त्यामुळे काँक्रीटचा ट्रक आणि तयार ट्रस (छपराचे लाकडी सांगाडे) सोडले तर बाकीचं स्वतःच करणार.

मनातला नकाशा असा: २४ × २६ फूट, भिंती १२ फूट उंच, म्हणजे पुढेमागे गाडी उचलायची लिफ्टही बसेल. प्रश्न असे की माप बरोबर आहे का, वीज किती न्यायची आणि पाया किती खोल? शेजारी म्हणतो ४२ इंच. यूट्यूबवरचा म्हणतो जमिनीवर नुसता काँक्रीटचा स्लॅब टाक आणि मोकळा हो.

– बाळू

---

प्रेषक: नाना (नोव्हाय)
दिनांक: १२ एप्रिल, रात्री

बाळू,

दोघंही बरोबर आहेत, आणि त्या दोघांच्या मधे तुझे ते जादा दोन फूट अडकलेत.

इथली जमीन ४२ इंचांपर्यंत गोठते असं धरतात, म्हणून पाया त्याच्याखाली न्यायचा. पण बांधकाम घरापासून सुटं, लाकडी सांगाड्याचं, ६०० चौरस फुटांच्या आतलं आणि वळचणीची उंची १० फुटांच्या आत असेल, तर कोड (बांधकामाची नियमावली) ती अट सोडून देतो. २४ × २४ म्हणजे ५७६. २४ × २६ म्हणजे ६२४. दोन फुटांच्या हौसेपायी चारी बाजूंनी साडेतीन फूट खणायचं, त्यात भिंत ओतायची, मग आत भराव घालून तो चोपायचा. १२ फुटी भिंत केलीस तरी तीच गत. तुला गाड्या उचलायच्यात की टेबलं करायचीत, ते आधी ठरव. सुतारकामाला ९ फुटी भिंत झकास. प्लायवूडचा ८ फुटी ताव उभा करून फिरवता येतो आणि दिव्याला धक्का लागत नाही.

आता आपल्या भागातली गंमत. पाया माफ असला तरी बऱ्याच टाउनशिपा (इथल्या स्थानिक पालिका) स्लॅबच्या कडेने रॅट वॉल मागतात, म्हणजे काँक्रीटची साधारण २४ इंच खोल उंदीरभिंत. जमीन उकरून उंदीर-घुशी स्लॅबखाली बिळं करतात आणि मग स्लॅब पोकळीवर तरंगतो, म्हणून. तुमच्याकडे काय मागतात ते टाउनशिपला विचार, आणि त्याच फेरीत हद्दीपासून किती फूट सोडायचं तेही लिहून घे. सोसायटीची परवानगी वेगळी.

ट्रकचा हिशोब मी चुकलो होतो, तू चुकू नकोस. २४ × २४ चा ४ इंची स्लॅब म्हणजे ७.१ घनयार्ड. ४ इंच रुंद उंदीरभिंत धरली की साडेनऊ. मी आयुष्यभर टूलरूममध्ये हजारांश इंचात मोजलेला माणूस, अगदी बरोबर साडेनऊ मागवलं. पण चर काही मिलिंग मशीनवर पाडलेला नसतो. कुठे ४ इंच, कुठे ६. शेवटच्या कोपऱ्यात अर्धा यार्ड कमी पडलं. अर्धा यार्ड ऐकायला चिमूटभर वाटतं. ८० पाउंडाच्या पिशव्या २२ लागल्या, त्या आणायला दोन खेपा, आणि मी घमेल्यात कालवेपर्यंत आधीचं घट्ट होऊन बसलेलं. तो सांधा आजही दिसतो. दरवर्षी केसभर रुंदावतो. दहा टक्के जास्त मागव.

भिंत उद्या कापून खिडकी काढता येते. छप्पर दहा वर्षांनी बदलता येतं. काँक्रीटखाली जे गेलं ते गेलं, आणि जे जायला हवं होतं पण राहिलं ते त्याहून वाईट. म्हणून ट्रकचा फोन फिरवण्याआधी महिनाभर नुसता कागदावर बस. विजेचं मी सांगत नाही, ताई आहेत आपल्या मेलच्या यादीवर.

– नाना

---

प्रेषक: ताई (अ‍ॅन आर्बर)
दिनांक: १३ एप्रिल

बाळू, नाना,

मी रोज याहून बऱ्याच जाड तारांवर काम करते, पण घरचंही केलंय.

मिशिगनमध्ये स्वतः राहत असलेल्या घराचं विजेचं परमिट घरमालकाला काढता येतं, त्यामुळे बाळू, तुला स्वतः करता येईल. अट एकच: इन्स्पेक्टर बघून जाईपर्यंत चर बुजवायचा नाही. पाऊस आला, मुलं पडली, कुत्रं पडलं, तरी उघडाच.

किती वीज? वर्कशॉपमध्ये एका वेळी एकच माणूस काम करतो. ३ हॉर्सपॉवरची सॉ २४० व्होल्टवर साधारण १३ अँपिअर घेते. शिवाय भुसा ओढणारं मशीन, दिवे, हीट पंप (एसीसारखं, पण खोली गरमही करणारं यंत्र). ६० अँपिअरमध्ये आरामात भागतं. पण उद्या विजेची गाडी घेतलीस तर ४८ अँपिअरच्या चार्जरला एकट्यालाच ६० चं सर्किट लागतं. तार आज ६० ची घाल हवं तर, पण पाइप २ इंची टाक. पाइप स्वस्त आहे, चर महाग आहे. आणि हे सगळं करण्याआधी घरच्या मुख्य पॅनेलवर आधीच किती भार आहे त्याचा हिशोब कर.

पीव्हीसी पाइपाची वरची कड जमिनीच्या १८ इंच खाली हवी. पाइपाविना थेट पुरायची केबल वापरलीस तर २४ इंच. त्याच चरात इंटरनेटसाठी दुसरा रिकामा पाइप टाकून ठेव आणि त्यात ओढायचा दोरा घालून ठेव. दोन्ही पाइपांची तोंडं स्लॅब ओतण्याआधीच, जिथे पॅनेल येणार तिथे वर काढून, टेप लावून बंद कर.

घरापासून गराजपर्यंत चार तारा: दोन गरम (म्हणजे फेजच्या), एक न्यूट्रल, एक अर्थ. गराजच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ वेगळ्या पट्ट्यांवर. त्यांना जोडणारा हिरवा स्क्रू पॅनेलसोबत येतो, तो लावायचा नाही. ती जोडणी फक्त घराच्या मुख्य जागी. इथे लोक हमखास चुकतात आणि सगळं नीट चालतही राहतं, म्हणून कळत नाही. मग न्यूट्रलचा प्रवाह अर्थच्या तारेतून परत जाऊ लागतो, आणि एखाद दिवशी न्यूट्रल सुटला की मशीनच्या पत्र्यावर व्होल्टेज. गराजला स्वतःचं अर्थिंगही लागतं. आपल्याकडे खड्डा करून कोळसा-मीठ भरायचे, इथे ८ फुटी दोन रॉड, एकमेकांपासून किमान ६ फुटांवर. ठोकताना खांदे निखळतात. माझ्याकडे हॅमर ड्रिलला लावायचा तुकडा आहे, घेऊन जा.

खणण्याआधी ८११ ला फोन. मिस डिगवाले फुकट येऊन जमिनीखालच्या लाइनींच्या खुणा करतात, पण तीन कामाचे दिवस आधी कळवावं लागतं.

– ताई

---

प्रेषक: वैनी (ट्रॉय), कार्यकारिणीच्या वतीने
दिनांक: १३ एप्रिल

बाळूभावजी, अभिनंदन! नवीन गराजात माळा असणारच ना? बाप्पाचं मखर गेली चार वर्षं आमच्या तळघरात आहे, आणि थर्मोकोलचे कळस बघितले की आमचे हे धार्मिक राहत नाहीत.

बाकी मखर ठेवायचं त्याच जागी उंदराला बंदी, हे काही शास्त्राला धरून वाटत नाही.

---

प्रेषक: नाना (नोव्हाय)
दिनांक: १३ एप्रिल

वैनी, उंदराला रीतसर दारातून येऊ दे.

बाळू, विनोद बाजूला. नेहमीचा ट्रस खालच्या दांडीवर छताचं ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते) आणि इन्सुलेशन, एवढंच वजन धरून केलेला असतो. त्यावर फळ्या टाकून लोक सामान रचतात, मग एखाद्या फेब्रुवारीत वर बर्फ साचतो आणि छत पोट काढून बसतं. मखर ठेवायचंच असेल तर ऑर्डर देतानाच माळ्याचा ट्रस माग. नंतर ट्रसची एक पट्टीसुद्धा कापायची नाही.

---

प्रेषक: बाळू (कँटन)
दिनांक: २३ जून

मंडळी, स्लॅब पडला! २४ × २४, नानांची आज्ञा.

सगळं सुरळीत झालं म्हणणार होतो, पण ताईंना खरं कळलेलंच आहे. मिस डिगवाले येऊन गेले: लाल खूण विजेची, पिवळी गॅसची, नारिंगी केबलची. चराचं मशीन भाड्याने आणलं आणि अगदी निर्धास्तपणे, एकही झेंडा नसलेल्या जागी, स्वतःच्याच स्प्रिंकलरचा पाइप तोडला. ते लोक कंपन्यांच्या लाइनी दाखवतात, आपण मालकांनी पुरलेलं त्यांना काय माहीत! तुमच्या हिरवळीला पाणी घालणारा पाइप, बार्बेक्यूला नेलेली गॅसची नळी, हे आपलं आपण शोधायचं.

काटकोन काढायला लेझर होता, तरी नाना टेप घेऊन आलेच. दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत, ३३ फूट ११ इंच आणि वर पाव इंचाहून किंचित जास्त. माझ्या लेझरच्या चौकोनाचे कर्ण पाऊण इंचाने वेगळे निघाले. नाना काही बोलले नाहीत. खिशातून लाइनदोरी काढली.

ट्रक भरला की ६० हजार पाउंडांच्या वर जातो, तो ड्राइव्हवेवर घेणं शक्यच नव्हतं. रस्त्यावरून हातगाड्यांनी ओतलं. साडेदहा यार्डाला शंभरावर खेपा. ज्या सहाजणांनी त्या मारल्या त्यांना आयुष्यभर माझ्याकडे मिसळ. दुसऱ्या दिवशी करवतीने एक इंच खोल, मधोमध अधिकच्या चिन्हासारख्या रेघा पाडल्या, तडा जायचाच असेल तर त्या रेघेत जावा म्हणून.

खरी मजा पुढे. बाबा आलेत पुण्याहून. स्लॅब बघून पहिला प्रश्न, "पाणी कोण मारणार?" मी म्हटलं, इथे एक रसायन फवारतात, झालं. बाबा छत्तीस वर्षं बांधकाम खात्यात होते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सिमेंटमध्ये राख कालवलीय. दुपारी उठून पाहतो तर कडेने मातीची आळी घालायला सुरुवात, गावाकडे स्लॅबवर पाणी साठवतात तशी. पण आपला स्लॅब दाराकडे उतरता, फुटाला अष्टमांश इंच, म्हणजे २४ फुटांत ३ इंच. मागची आळी कोरडी, पुढची फुटलेली. मग बाबांनी मला गोणपाट आणायला पिटाळलं आणि सात दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ ते भिजवलं. पाइप डाव्या हातात, उजवा हात पाठीवर. शेजारचा तिसऱ्या दिवशी विचारून गेला की आम्ही नक्की काय पेरलंय.

पुढच्या शनिवारी भिंती उभ्या करायच्या आहेत.

– बाळू

---

प्रेषक: नाना (नोव्हाय)
दिनांक: २४ जून

बाबांना माझा नमस्कार सांग. रसायन चालतं, पण त्यांच्यासमोर मी तसं म्हणणार नाही.

त्या तीन इंच उताराचं लक्षात ठेव. गाडीला तो लागतो, मशीनला नको असतो. सॉ, जॉइंटर (फळी सपाट करणारं मशीन), बाहेर निघणाऱ्या फळीचं टेबल, प्रत्येकाच्या पायाखाली पाचर येणार. ज्या जागी मशीन ठेवशील तिथे खडूने खूण कर आणि तिथून हलवू नकोस.

आणि हिवाळ्यात प्रोपेनचा उघडा हीटर लावून बसू नकोस. कार्बन मोनॉक्साइड तर आहेच, शिवाय प्रोपेन जळताना वाफ होते. मी पहिल्या वर्षी लावला होता. हवा गरम, सॉचं बिडाचं टेबल बर्फासारखं गार. सकाळी त्यावर दव, संध्याकाळी तांबूस थर. तव्याला लावतात तसं तेल लावत बसलो महिनाभर. हीट पंप बसव, आणि त्याच्याही आधी इन्सुलेशन.

---

प्रेषक: बाळू (कँटन)
दिनांक: १९ ऑक्टोबर

ताई,

विजेची शेवटची तपासणी पास झाली. इन्स्पेक्टरने पॅनेलचं झाकण काढून आधी तो हिरवा स्क्रूच शोधला. मी तो पिशवीत घालून आत टांगून ठेवला होता, लावलेला नाही हे दिसावं म्हणून.

आता कबुली. इंटरनेटचा पाइप टाकला, तोंडं टेपने बंद केली, फोटो काढले, बुजवलं, वर स्लॅब ओतला. काल केबल ओढायला बसलो तर आत दोरा नाही. दोरा तिथेच होता, शेडच्या खिळ्याला, तुमच्या मेलच्या प्रिंटाउटशेजारी. ७० फूट पाइप, दोन वळणं, फिश टेप (पाइपातून सरकवायची लवचिक पट्टी) दुसऱ्या वळणाला अडकते. नानांना फोन केला. ते इतका वेळ गप्प राहिले की मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "भुसा ओढायचं मशीन घेतलंस ना?"

घराकडच्या तोंडाशी भाजीच्या पातळ पिशवीचा एक बोळा, त्याला दोऱ्याचं टोक बांधलं, रीळ लेकीच्या हातात पेन्सिलीवर. गराजच्या तोंडाला शॉप व्हॅक लावला, फट राहिली तिथे ओलं फडकं गुंडाळलं. चालू केल्यावर लेक ओरडली, "बाबा, पळतोय!" रीळ भिंगरीसारखं फिरत होतं. पाचसहा सेकंदांत बोळा फट्‌कन व्हॅकच्या नळीत आणि मागोमाग दोरा. त्या दोऱ्याला जाड दोरी, दोरीला केबल, आणि केबलसोबत यावेळी आणखी एक दोरा, तो आतच ठेवलाय.

ताशे अजून जुन्या गराजमध्येच आहेत.

– बाळू