मदत हवी आहे: नाशिकजवळ फुललेल्या झाडांत निवांत फिरायला जागा सुचवा

नमस्कार मंडळी. सासूबाई होळीला गावाहून येताहेत. त्यांना झाडांचं भारी वेड, पण गुडघे दुखतात. चढ नको, सपाट वाट हवी, मधेमधे सावलीत टेकता यायला हवं. पांडवलेणीच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान मनात आहे. तिथल्या वाटा सध्या कशा आहेत? काठी घेऊन चालता येईल का?

नाहीतर गंगापूर धरणाच्या बाजूला किंवा त्र्यंबक रस्त्याला कुणाची मोठी बाग असेल आणि मालक फिरू देत असतील, तर उत्तमच. द्राक्षबागा मात्र नकोत. काढणीच्या गडबडीत आपण मधे कशाला? आम्हाला बघायचाय तो पानं गाळून केशरी झालेला पळस, काटेसावरीची तळहाताएवढी लालभडक फुलं आणि त्यांत डोकं खुपसून बसलेल्या साळुंक्या. पांगाराही चालेल. बहावा एप्रिल-मेशिवाय रंगात येत नाही, तोवर त्या परत गेलेल्या असतील.

सकाळी लवकर निघू, मार्चमध्ये दहानंतरचं ऊन त्यांना झेपत नाही. गाडी आत कुठपर्यंत जाते आणि स्वच्छतागृह आहे का, एवढं नक्की सांगा. नुकतंच कुणी जाऊन आलं असेल तर फोटोही टाका.