भिंतीवरचे काळे कावळे नेमके कुठले?

भाऊ, 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या नाइट्स वॉचमधले, म्हणजे उत्तर टोकाची बर्फाची भिंत राखणाऱ्या काळ्या कपड्यांतल्या पहारेकऱ्यांतले (त्यांनाच कावळे म्हणतात), बहुतेक उत्तरेकडचेच असणार, हे तुमचं म्हणणं अर्धंच पटतं. मोरमाँट, बेन्जेन स्टार्क उत्तरेचे, कबूल. पण बाकीचे बघा की! भिंतीवरच्या शॅडो टॉवर किल्ल्याचा प्रमुख मॅलिस्टर नद्यांच्या मुलखातला, समुद्रकाठच्या ईस्टवॉच किल्ल्याचा कॉटर पाइक दर्यावर्दींच्या लोहबेटांवरचा. गलबतं त्याच्याकडे म्हणजे योग्यच. सॅम थेट दक्षिणेतल्या रीच प्रांतातला. आणि अ‍ॅलिसर थॉर्न गादी गमावलेल्या टारगेरियन राजघराण्याच्या बाजूने लढून हरला, म्हणून तिथे पोचला. भरती करणारा योरेन तर राजधानीतल्या कोठड्यांमधूनच माणसं उचलतो. म्हणजे भरती मुलूख बघून नाही, कोण हरलं आणि कोण पकडलं गेलं त्यावर.

इथेच मला आपली खानदेश भिल्ल पलटण आठवते. 1825 मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने ती उभी केली, ठाणं आपलं धरणगाव. ज्यांना इंग्रज लुटारू म्हणत, त्यांच्यातलेच जवान घेतले. फरक एवढाच की त्या भिल्लांना सातपुड्यातली वाट न् वाट ठाऊक होती. भिंतीवर मात्र राजधानीचा भुरटा चोर उभा, ज्याने बर्फाचं रान आयुष्यात पाहिलेलं नाही. भिंतीपलीकडे राहणाऱ्या फ्रीफोक लोकांना भरती केलं असतं तर? वॉचचा पुढचा सेनापती जॉन स्नो याला ते सुचलं, पण फार उशिरा. आणि सुचलं म्हणून आपल्याच माणसांचे सुरेही खावे लागले, ते वेगळंच.